आधी वाडा, मग भूत

दर गुरुवारी रात्री नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या घरी सात-आठ जण जमतात. एखादी गूढकथा वाचतो, नाहीतर चित्रपट किंवा मालिकेचा एखादा भाग पाहतो आणि मग उशिरापर्यंत बोलत बसतो. अकरा वर्षं झाली. नवं माणूस आलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. सुरुवात कुठून करू? आणि, माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मग यात माझ्यासाठी काय आहे? दोन्हींचं उत्तर मी एकदमच देते: भूत शोधू नका, घर शोधा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच लिहिल्या आहेत.

हे मला पुस्तकांच्या आधी वाड्यानं शिकवलं. तिवंधा चौकातून आत जाणाऱ्या एका बोळात आमचा वाडा होता. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, भिंतीत बळद आणि माजघरातून वर जाणारा अंधारा जिना. माडीवर डाव्या हाताला एक खोली होती, कायम कुलूप लावलेली. कुलूप इतकं गंजलं होतं की त्याची किल्ली कुणाकडे असेल असं वाटायचंच नाही. विचारलं की उत्तर एकच, ‘तिथं विंचू आहेत.’ भूत हा शब्द त्या वाड्यात मी कधी ऐकला नाही. तरीही जिना चढून वर आले की मी उजव्या भिंतीला घासत पुढे जायची, आणि डावीकडे बघायची नाही.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, की अडीचशे वर्षांची एक आख्खी साहित्यपरंपरा अशाच एका बंद दारासमोर उभी आहे.

पायरी पहिली: काय पाहायचं ते आधी ठरवा

या परंपरेला गॉथिक म्हणतात. तिची सुरुवात १७६४ पासून धरतात. त्या साली होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी आली. पहिल्या आवृत्तीत त्यानं स्वतःचं नावच दिलं नव्हतं. एका जुन्या इटालियन हस्तलिखिताचा हा अनुवाद आहे असं भासवलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत खरं सांगितलं आणि तिला ‘गॉथिक’ कथा म्हटलं. गोष्ट एका किल्ल्याची. पूर्वजानं विष घालून बळकावलेला किल्ला, आणि त्या पापाची वसुली पुढच्या पिढ्यांकडून. लग्नाच्या दिवशीच घराण्याचा वारस आकाशातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. आज वाचताना ती कादंबरी भाबडी वाटते, आणि नवख्या माणसानं तिच्यापासून सुरुवात करू नये असंच माझं मत आहे. पण सांगाडा तोच राहिला.

मराठी माणसाला हा सांगाडा परका नाही. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोककथेत अजून ऐकू येते. ज्या काकांना ती हाक होती ते राघोबादादा आपल्या आनंदवल्लीला राहत. गंगापूर रोडनं जाताना ते गाव आता शहरात मिसळून गेलंय. ती हाक खरी की कल्पित हा इतिहासाचा प्रश्न. गोष्ट म्हणून तिच्याकडे बघा: एक इमारत, रक्ताच्या नात्यातलं पाप आणि शमायला तयार नसलेला आवाज. गॉथिकला लागतं ते सगळं तिच्यात आहे.

म्हणून कुठलीही कलाकृती समोर आली की मी तीन प्रश्न विचारते. हे घर कुणाचं आहे? या घरानं काय दडवलं आहे? आणि दार उघडं असताना हे माणूस निघून का जात नाही? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. फसलेली भयकथा ओळखायची खूण तीच आहे: तिथली माणसं लेखकाला हवी म्हणून थांबतात. चांगल्या कथेत ती थांबतात कारण घर त्यांच्या नावावर व्हायचंय, मूल आजारी आहे, माहेरी परत जायची सोय नाही किंवा गेलेलं माणूस एकदा तरी दिसेल अशी आशा आहे.

पायरी दुसरी: भीतीला तिच्या नावानं हाक मारा

ही पायरी वगळू नका. एक साधी वही घ्या. काहीही पाहिलं-वाचलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्यात लिहा, की मला नेमकं काय झालं. ‘भीती वाटली’ एवढं लिहून भागत नाही. आपल्या भाषेत यासाठी शब्दांचा मोठा साठा आहे, तो वापरा.

दचकणं क्षणाचं असतं. मांजर अंगावर आलं, मागून हात पडला, पार्श्वसंगीत एकदम किंचाळलं. दचकवणं सोपं आहे आणि त्याचा मला लवकर वीट येतो. किळस वेगळी, ती पोटात होते. शहारा कातडीवर येतो. धास्ती मात्र पुढच्या वेळेची असते: अजून काही घडलेलं नाही, पण घडणार आहे. धसका मागच्या वेळेचा, तो चित्रपट संपल्यावर आपल्याबरोबर घरी येतो. आणि दरारा. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण तो भुताचा नसतो, जिवंत माणसाचा असतो. घरातल्या कर्त्या पुरुषाचा, करड्या सासूचा, जुन्या नोकराणीचा. गॉथिकमधली निम्मी भीती दराऱ्याची असते आणि नवे प्रेक्षक ती भुताच्या खात्यावर मांडतात.

अॅन रॅडक्लिफ या गॉथिकमधल्या मोठ्या लेखिकेचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापला गेला. त्यात तिनं भीतीचे दोन प्रकार वेगळे केले. एकीनं मन रुंदावतं, जागं होतं. दुसरीनं ते आक्रसून गोठतं. धास्ती पहिल्या प्रकारात बसते. किळस आणि उघडंवाघडं क्रौर्य दुसऱ्यात. मी स्वतः पहिलीच्या बाजूची आहे. आमच्या गुरुवारच्या बैठकीत दुसरीचे दोन खंदे समर्थक आहेत आणि त्यांच्याशी माझं अकरा वर्षं जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की शरीराला जे होतं तेच प्रामाणिक, बाकी सगळं वातावरण. त्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य करते, मत मात्र बदलत नाही.

वहीत महिनाभर शब्द लिहिलेत की तुमची आवड तुम्हालाच दिसायला लागेल. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाला वाटायचं, की आपल्याला भयपट आवडत नाहीत. वही पाहिल्यावर लक्षात आलं, त्याला फक्त दचकणं आवडत नव्हतं. धास्तीच्या गोष्टी तो आता शोधून शोधून वाचतो.

पायरी तिसरी: आधी वाचा

पडद्याच्या आधी पुस्तक, असं मी आग्रहानं सांगते. वाचताना वेग आपल्या हातात असतो. घाबरलात तर पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन या, कथा तिथंच थांबलेली असते. शिवाय अंधारात काय आहे ते तुमचं मन रंगवतं, आणि त्याला आपल्या आठवणी ठाऊक असतात.

सुरुवात मराठीतून करा. तीन शब्द आधी वेगळे ठेवा. रहस्यकथेत शेवटी गुंता सुटतो. भयकथेत जे दडलं होतं ते समोर येतं. गूढकथेत दार किलकिलं राहतं आणि आपल्याला आत पूर्ण दिसत नाही. ही व्याख्या माझी आहे, पण निवड करायला ती कामाला येते. पहिल्यांदा रत्नाकर मतकरी घ्या, कारण त्यांची गूढकथा पुष्कळदा तुमच्या-माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरात सुरू होते. माणसं ओळखीची, बोलणं ओळखीचं आणि मग एक गोष्ट जागची हललेली. त्यानंतर नारायण धारप. त्यांचा पट मोठा. दुष्ट शक्ती प्राचीन, आणि तिच्याशी झुंजणारा, ‘समर्थ’ या त्यांच्या पात्रासारखा नायक. धारपांच्या कादंबऱ्या सलग वाचल्या तर साचा दिसायला लागतो, म्हणून मध्ये अंतर ठेवा. पण उत्तम धारप म्हणजे काय, ते रात्री अकरानंतर कळतं.

तिसरे चिं. त्र्यं. खानोलकर. त्यांना कुणी भयकथालेखक म्हणत नाही. ‘रात्र काळी, घागर काळी’ किंवा ‘कोंडुरा’ या कादंबऱ्या या वाटेवर ठेवल्या की काही जाणकार नाराज होतात. मी त्या ठेवते. कोकणातलं देवस्थान, वासना, शाप आणि त्या शापावर मनापासून विश्वास ठेवणारी माणसं. यापेक्षा अस्सल मराठी गॉथिक मला दुसरीकडे सापडलेलं नाही. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये चित्रपटही केला.

पुस्तकं मिळवायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून आहे. सभासद व्हा आणि काउंटरवर लेखकाचं नाव सांगून मागा. जुन्या ‘नवल’चे अंक रद्दीवाल्यांकडे कधीमधी हाती लागतात, ते दिसले तर सोडू नका. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या त्या मासिकानं गूढ आणि अद्भुत कथांना हक्काची जागा दिली. दिवाळीत ‘धनंजय’ घ्या. एकाच अंकात इतक्या जणांच्या कथा वाचल्या की आपला लेखक कोण ते ठरवायला सोपं जातं.

परदेशी पुस्तकांपैकी फक्त तीनांविषयी लिहिते.

‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ चं. त्याची सुरुवात १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी झाली. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याच्या राखेनं युरोपातला उन्हाळा थंड आणि पावसाळी करून टाकला. घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं, त्यांत या पुस्तकाची लेखिका मेरी शेली होती, वय अठरा. नाशिकमध्ये जुलैत चार दिवस झड लागली की मला हे नेहमी आठवतं. हे पुस्तक पावसातच वाचा.

‘ड्रॅक्युला’ १८९७ चं. ते रोजनिशा, पत्रं आणि वर्तमानपत्रातल्या कात्रणांतून सांगितलंय. वाचताना प्रत्येक नोंदीची तारीख बघत चला. कुणाला काय कधी कळलं आणि कुणाला कळायला उशीर झाला, सगळी धास्ती त्यातच आहे.

तिसरं ‘जेन एअर’, १८४७. याचं रहस्य फोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मोठ्या घरात शिक्षिका म्हणून आलेली मुलगी, वरच्या मजल्यावरून येणारं विचित्र हसणं, आणि शेवटी कळतं की माळ्यावर मालकाची पहिली बायको कोंडलेली आहे. तिला वेडी म्हटलंय, तिच्या तोंडी धड एक वाक्य नाही. मी कॉलेजात ही कादंबरी वाचली तेव्हा जेनसाठी रडले. वरच्या बाईचा विचारही केला नाही. तो विचार लेखिका जीन ऱ्हीस यांनी केला, ११९ वर्षांनी. १९६६ च्या ‘वाइड सारगासो सी’मध्ये त्यांनी त्या बाईला बालपण दिलं, माहेर दिलं, आवाज दिला. दोन्ही पुस्तकं याच क्रमानं वाचा. घरात कोण बोलतंय याच्याइतकंच कुणाला बोलू दिलं नाही हे विचारायची सवय मला या जोडीनं लावली.

पायरी चौथी: चित्रपट, आणि कान

दिवे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आवाज नीट येईल अशी सोय करा. भयपट डोळ्यांइतकाच कानांनी पाहायचा असतो. परभाषेतला असेल तर मूळ आवाज ठेवून खाली येणाऱ्या ओळी वाचा. डबिंगमध्ये पात्रांचे श्वाससुद्धा बदलतात.

पहिला चित्रपट म्हणून मी ‘महल’ दाखवते, १९४९ चा, कमाल अमरोहींचा. नवे लोक कुरकुरतात, कृष्णधवल आहे, संथ आहे. मग ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं सुरू होतं. गाणारी दुरून जवळ येतेय असं वाटावं म्हणून लताबाईंना माइकपासून लांब उभं करून, गात गात जवळ यायला सांगितलं होतं. पडद्यावर झोका हलतोय, वाड्यासारखी हवेली, आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही. तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. लोक विचारत राहिले, की ही खरी कोण. वहीत मी या चित्रपटापुढे एकच शब्द लिहिलाय, हुरहूर. भीतीच्या यादीत तो बसत नाही हे खरं, पण भारतीय गॉथिकचा स्वभाव मला तोच वाटतो. आपलं भूत सूड घेण्याआधी वाट पाहतं.

दुसऱ्या आठवड्यात एक जोडी घ्या: हिचकॉकचा ‘रेबेका’, १९४०, आणि त्याच कथेवरचा हिंदी ‘कोहरा’, १९६४. नवी नवरी, मोठं घर आणि मेलेल्या पहिल्या बायकोचा सगळ्या वस्तूंवर उमटलेला ठसा. ‘रेबेका’त नव्या बायकोला नावच नाही, मूळ कादंबरीतही नाही. मेलेलीचं नाव मात्र घरभर. इथं भूत नाहीच, आहे तो दरारा. ‘कोहरा’तली गाणी अप्रतिम, वहिदा रेहमानचा चेहराही, पण हिंदीनं सावल्या, वारा असं बरंच वर घातलंय आणि त्यानं दरारा पातळ झाला असं माझं मत. आमच्यातल्या दोघींना नेमकं उलटं वाटतं. नवख्यांनी हा वाद जरूर करून बघावा.

मग ‘मणिचित्रताळ’, १९९३ चा मल्याळम चित्रपट. नावाचाच अर्थ नक्षीदार कुलूप. बंद खोली उघडण्याची इतकी सुंदर गोष्ट पडद्यावर क्वचितच आलीय. हिंदीतला ‘भूलभुलैया’ याच्यावरूनच बेतला. पाहिला असेल तरी मूळ पाहाच. मुळात घर लहान वाटतं, कुटुंब मोठं. हिंदीत महाल मोठा झाला आणि कुटुंब हरवलं.

‘तुंबाड’ कितव्या क्रमांकावर ठेवायचा यावर आमच्याकडे दर वर्षी बोलणं होतं. मी तो लवकर दाखवत नाही. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट, बीज नारायण धारपांच्या एका कथेचं. १९१८, १९३३ आणि १९४७ असे तीन टप्पे, सतत पडणारा पाऊस, पडका वाडा आणि त्याच्या पोटात सोनं. पहिल्यांदा पाहणारे हस्तर या त्यातल्या शापित देवाबद्दल बोलतात. मला हस्तरची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती बाप मुलाला शिकवतो त्याची. आत कसं उतरायचं, पिठाची बाहुली कशी धरायची, किती वेळात बाहेर यायचं. जशी दुकानाची गादी चालवायला शिकवावी तसं तो शिकवतो आणि पोरगा बापाहून हुशार निघतो. हाव वारशानं जाते हे इतक्या सरळ दाखवणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. एक खंत आहे. ही माणसं मराठीत बोलायला हवी होती. त्या घरातले सोवळ्या-ओवळ्याचे, हक्काचे, लपवाछपवीचे शब्द मराठी आहेत, ते हिंदीत गेल्यावर त्यांची धार कमी होते.

‘लपाछपी’, २०१७, मराठीच. उसाचा फड म्हणजे चक्रव्यूह ही कल्पना ज्यानं निफाडकडचा रस्ता रात्री पाहिलाय त्याला समजावून सांगावी लागत नाही. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस आणि पानांची सळसळ. चित्रपट ज्या पापाभोवती फिरतो ते कुठल्या परक्या किल्ल्यातलं नाही, मुलगी नको म्हणणाऱ्या आपल्याच घरांतलं आहे. मांडणीत दचकवण्याचा भाग मला जास्त वाटला, तरी विषयासाठी मी तो प्रत्येक नव्या माणसाला दाखवते.

पायरी पाचवी: मालिका

मालिका पाहताना एक लक्षात ठेवा: रोज येणारी मालिका आणि आठ-दहा भागांत संपणारी मालिका यांना एका मापानं मोजू नका.

‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर २०१६ मध्ये आली. अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरुवात, विखुरलेलं कुटुंब कोकणातल्या घरात गोळा होतं आणि वाटणीचा विषय निघतो. मालवणी बोली, अंगण, विहीर, रात्रीचा दिवा. सुरुवातीचे आठवडे मला आजही पाठ आहेत. नंतर ती ताणली गेली, कारण रोज संध्याकाळी काहीतरी द्यावंच लागतं आणि गूढ रोज थोडं थोडं वाटलं की संपतं. दुसऱ्या पर्वात गोष्ट मागच्या काळात गेली, अण्णा जिवंत दिसले, त्यांची शेवंता आली. बऱ्याच जणांना तेच पर्व जास्त आवडतं. मला पहिलं. पहिल्यात अण्णा नव्हते आणि तरीही सगळे त्यांना भिऊन होते.

बाहेरच्या मालिकांत ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’पासून सुरुवात करा, पण नुसती मालिका पाहू नका. शर्ली जॅक्सन यांची कादंबरी १९५९ ची, रॉबर्ट वाइज यांचा चित्रपट १९६३ चा आणि दहा भागांची मालिका २०१८ ची. एकच घर तीन वेळा. चित्रपटात भूत दिसत नाही, दार बाहेरून कुणी रेलल्यासारखं फुगतं आणि पुन्हा सरळ होतं, बस्स. मालिकेनं त्यात एक कुटुंब वसवलं, पाच भावंडं. मागच्या अंधारात आकृत्या लपवल्यात, त्या शोधत बसू नका. पहिल्या वेळी माणसांकडे बघा. सहावा भाग लांबलचक सलग चित्रणांतून उभा केलाय आणि त्यातल्या एका अंत्यविधीच्या आदल्या रात्री भावंडं जे बोलतात ते कुठल्याही घरात बोललं जाऊ शकतं. शेवटचा भाग मात्र फार सांत्वन करतो. त्या घरानं इतकं हिरावून घेतल्यावर ते मायाळू ठरावं हे मला पटलेलं नाही. आणखी एक: नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर ही मालिका वर्षभर बाजूला ठेवा. आमच्याकडे एकीला तिसऱ्या भागात उठून जावं लागलं होतं आणि त्या रात्री आम्ही टीव्ही बंद करून तिच्या वडिलांविषयी बोलत बसलो.

‘डार्क’ ही जर्मन मालिका, २०१७ ते २०२०, तीन पर्वं. चार कुटुंबं, एक गुहा आणि तेहतीस वर्षांचं चक्र. लोक पहिल्या चार भागांतच नावं विसरून सोडून देतात. कागदावर वंशावळ काढा. त्र्यंबकेश्वरला किंवा पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडची नामावळी पाहिलीय का कधी? गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि तुमच्या पणजोबांच्या हातची सही समोर येते. ती पानं उलटताना जे वाटतं, तेच ‘डार्क’ पाहताना वाटायला हवं. आपली वंशावळ घेऊनच बसलात तर मालिका अजिबात अवघड नाही.

पायरी सहावी: मत तयार करा

आधी गुणांकन, परीक्षणं, व्हिडिओ काहीही पाहू नका. वहीतला शब्द लिहून झाल्यावर वाचा. मत मांडताना ‘बोअर आहे’ म्हणू नका. कुठल्या प्रसंगापर्यंत धास्ती होती आणि कुठे सुटली ते सांगा. मत बदललं तर तारीख घालून नवं लिहा, जुनं खोडू नका.

एक भेद कायम सांभाळा. मला भुताच्या गोष्टी जिवापाड आवडतात आणि माझा भुतांवर विश्वास नाही. एखाद्या जिवंत बाईला चेटकीण ठरवणं, तिनं करणी केली म्हणणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मग एखादी मालिका कुटुंबातल्या नकोशा बाईलाच सगळ्या अरिष्टाचं मूळ ठरवत असेल, तर ती कितीही छान चित्रित केलेली असो, मी ते वहीत लिहिते आणि बैठकीत बोलते.

पायरी सातवी: शहरात फिरा

एक रविवार सकाळ काढा. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा बघा, तिथून गोदाकाठी उतरा. नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, म्हणजे एका चर्चची घंटा शंकराच्या दारात. पुढे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कुठवर आलं यावर गावानं पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजलाय. मग पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, ‘मोहिनी भस्मासुर’ त्यांनी १९१३ मध्ये नाशिकलाच केला. माणूस पडद्यावर अदृश्य करण्याची युक्ती आपल्याकडे रुजली ती त्यांच्या हातून, आजचं प्रत्येक भूत तिचं देणं लागतं.

जुन्या वाड्यांच्या बोळांत शिरलात तर हळू बोला. तिथं माणसं राहतात. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक घराची नोटीस घेऊन, ओल आलेल्या भिंतीला टेकू लावून राहतात. त्यांच्या घराचं चित्रण करून त्याला भूतबंगला म्हणू नका.

शेवटची पायरी: घरी विचारा

तुमच्या घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस गाठा आणि विचारा, आपल्या जुन्या घरात कुठली खोली बंद असायची?

मी हे आईला फार उशिरा विचारलं. वाडा विकून पंधरा वर्षं झाली होती. ती भाजी निवडत होती.

“विंचू नव्हते गं तिथं. आत्याबाई राहायच्या. तुझ्या आजोबांची मोठी बहीण.”

“कुठल्या आत्याबाई?”

“अकराव्या वर्षी नवरा गेला. मग इथंच. मी लग्न होऊन आले तेव्हा होत्या, दोन वर्षं. लाल आलवण, डोक्यावरून पदर. सकाळच्या आत खाली येऊन जायच्या, कुणाला दिसायच्या नाहीत. त्यांचं ताट मी जिन्यातल्या देवळीत ठेवायची. घासून, पालथं घातलेलं परत यायचं.”

“मग कुलूप?”

“त्या गेल्यावर तुझ्या आजोबांनी लावलं. किल्ली आडात टाकली.” तिनं मेथीची जुडी पुढे ओढली. “त्यांना गाणं यायचं. दुपारी सगळे झोपले की वरून ऐकू यायचं, अगदी हळू. मी जिन्यात बसून ऐकायची.”

“नाव काय होतं त्यांचं?”

आई थांबली. बराच वेळ आठवत राहिली.